खबर, खैरियत आणि राब्ता

मालाडच्या मालवणीत कुणी उमऱ्याला, हजला किंवा नोकरीसाठी आखातात निघाले की निरोप द्यायला सारी गल्ली जमते. गळाभेटी होतात, दुआ मागितली जाते, डोळे पाणावतात. पूर्वी अशा वेळी सर्वांच्या ओठांवर एकच प्रश्न असे, "परत कधी येणार?" आता त्याच्याही आधी दुसरा प्रश्न येतो, "नेट घेतले ना? नंबर चालू राहील ना?" वृद्ध अम्मीच्या हातात तसबीह असते आणि दुसऱ्या हातात नातवाने घाईघाईने शिकवलेला मोबाईल. विमानतळावर पोहोचेपर्यंत तिला चार वेळा बजावले जाते, "उतरल्या उतरल्या हे बटण दाबायचे, विसरू नका."

हा प्रश्न वरवर पाहता पैशांचा आणि सोयीचा वाटतो. कोणता पॅक स्वस्त, कुठले सिम चांगले, एवढ्यावर तो संपेल असे वाटते. पण थोडा विचार केला तर त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला दिसतो. प्रवासाला गेलेल्या माणसाने घरच्यांच्या सतत संपर्कात राहिले पाहिजे काय? ते त्याचे कर्तव्य आहे, की केवळ सोय? आणि घरी राहिलेल्यांना त्याच्या प्रत्येक तासाचा हिशेब मागण्याचा हक्क आहे काय? आमच्या समाजातल्या असंख्य घरांतले कुणी ना कुणी परदेशात आहे. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर आपणच शोधले पाहिजे.

आधी हा संपर्क चालतो कसा ते पाहू. आपले सिम घेऊन आपण जेद्दाहला उतरलो की फोन तिथल्या एखाद्या कंपनीचे जाळे पकडतो. ती कंपनी आपल्या भारतातल्या कंपनीला विचारते, "हा ग्राहक तुमचाच का?" होकार मिळाला की फोन सुरू होतो आणि त्याचा खर्च आपल्या बिलात किंवा आपण आगाऊ घेतलेल्या पॅकमध्ये धरला जातो. यालाच रोमिंग म्हणतात. पॅक न घेता रोमिंग चालू ठेवले तर दर फार चढे लागतात, आणि परदेशात आलेला फोन नुसता उचलण्याचेही पैसे पडतात. आपण फोनला हात लावला नाही तरी आतली ॲप फोटो चढवीत राहतात, स्वतःला अद्ययावत करीत राहतात आणि डेटा संपत राहतो. दुसरा मार्ग म्हणजे तिथले स्थानिक सिम. सौदीत ते पासपोर्ट दाखवून आणि बोटांचे ठसे देऊन मिळते. त्यात डेटा स्वस्त पडतो, पण बँकेचा ओटीपी मात्र भारतातल्या नंबरावरच येतो. म्हणून जाणकार लोक दोन सिमचा फोन नेतात, भारतातल्या सिमचा डेटा बंद ठेवतात आणि नेट तिथल्या सिमवर चालवतात. व्हॉट्सॲप जुन्या नंबरावरच चालू राहते. आता तर ई-सिमही आले आहे, त्यात हातात धरायला सिमच नसते. एवढी माहिती मालवणीतल्या मोबाईलच्या दुकानातला पोरगाही सांगतो. त्यापुढचे मात्र त्याला कुणी विचारत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांचा प्रवास वेगळा होता. मुंबई हे हजच्या प्रवासाचे फार जुने बंदर. मोगल लाईनची जहाजे इथून जेद्दाहला जात. हा समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला आणि त्यानंतर सगळेच हाजी विमानाने जाऊ लागले. जहाजाच्या काळात गावोगावचे हाजी आधी मुंबईच्या मुसाफिरखान्यात येऊन थांबत. तिथून निघालेला माणूस कित्येक दिवस पाण्यावर असे आणि घरी त्याची काहीच खबर नसे. पोहोचल्याचे पत्र यायला आठवडे लागत. कधी कधी पत्राच्या आधी हाजीच परत येई, आणि कधी पत्र येई पण हाजी येत नसे.

म्हणूनच निघण्यापूर्वी तो घरोघर जाऊन "कहा-सुना माफ" करून घेत असे. कर्ज फेडी, अमानती परत करी, वसीयत लिहून ठेवी, रुसलेल्या भावाच्या दारात स्वतःहून जाई. परत येणे आपल्या हाती नाही हे तो जाणून होता. संपर्क तुटणार होता म्हणून संबंध आधीच निर्मळ करून ठेवावे लागत. आज माफी मागण्याची रीत टिकून आहे, पण पुष्कळदा ती एकच संदेश दोनशे जणांना पाठवून उरकली जाते. ज्याच्याशी खरोखर वैर आहे, तो नेमका त्या दोनशेंच्या यादीत नसतो. फोन सोबत असतो, म्हणून "राहिले ते तिथून बोलू" असे मनाला वाटत राहते, आणि ते बोलणे राहून जाते.

आखातात गेलेल्यांची कहाणीही अशीच. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या मुस्लिम वस्त्यांमधून आणि मुंबईच्या उपनगरांमधून १९७० नंतर माणसे मोठ्या संख्येने दुबई, कुवेत, सौदीला गेली. तेव्हा घरी फोन नसे. शेजारच्या घरातला किंवा दुकानातला नंबर 'पी. पी.' म्हणून दिला जाई. फोन आला की पोरगे धावत बोलवायला येई आणि सगळे घर पायात चप्पल न घालता पळत सुटे. तीन मिनिटांच्या बोलण्यात पहिले मिनिट रडण्यात जाई. कुणी कॅसेटमध्ये आवाज भरून गावी येणाऱ्याच्या हाती देई. पुढे पिवळ्या पाट्यांची पीसीओ बूथ आली, तिथे समोरच्या यंत्रावर रुपये पळताना बघत बोलावे लागे. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण झाले. त्यानंतर अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत मालवणीतल्या दहा बाय पंधराच्या खोलीतही पडद्यावर बाप दिसू लागला.

ही नवी सोय कमी लेखण्याचे आमच्या मनात नाही. ज्यांनी खबर नसण्याचे दिवस भोगले आहेत, त्यांना तिची किंमत ठाऊक आहे. १५ एप्रिल १९९७ रोजी मिनाच्या तंबूंना आग लागली आणि अधिकृत आकड्यानुसार ३४३ हाजी मरण पावले. त्या वेळी आपला माणूस जिवंत आहे की नाही, हे कळायला घरच्यांना रेडिओ आणि वर्तमानपत्रे यांचाच आधार होता. ते दिवस कसे गेले असतील याची कल्पनाच केलेली बरी. २०२४ च्या हजमध्ये उष्णतेचा कहर झाला. १७ जूनला मक्केच्या हरममध्ये पारा ५१.८ अंशांवर गेला. सौदी सरकारने तेराशेहून अधिक मृत्यू जाहीर केले. त्यांतले बहुतेक परवान्याविना आलेले होते. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्या हज काळात ९८ भारतीयांचे निधन झाल्याचे सांगितले. अशा वेळी "मी ठीक आहे, तंबूत आहे" हे चार शब्द घरच्यांना मिळणे म्हणजे चैन नव्हे. ज्या बाईच्या मोबाईलमध्ये डेटा आहे, ती रस्ता चुकली तरी आपले ठिकाण पाठवू शकते. जिच्याकडे तो नाही, ती भाषा न समजणाऱ्या लाखोंच्या गर्दीत एकटी पडते.

शिवाय आता इबादतीच्या वाटेवरही डेटा येऊन उभा राहिला आहे. मदीनेत रियाजुल जन्नाहमध्ये नमाज पढायची तर 'नुसुक' ॲपवर वेळ घ्यावी लागते. भारत सरकारने २०२४ साली हाजींसाठी 'हज सुविधा' ॲप सुरू केले. म्हणजे ज्याला फोन चालवता येत नाही, तो दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो. आपण आपल्या आईवडिलांना हजचे अरकान शिकवतो, तसे फोन चालवायला शिकवणे हीही आता खिदमतच म्हणावी लागेल.

मजुराच्या बाबतीत तर संपर्क ही त्याची ढाल आहे. ज्याचा पगार अडकला आहे किंवा ज्याचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला आहे, त्याचा फोन हाच त्याचा साक्षीदार. आखातातल्या देशांनी इंटरनेटवरून बोलण्यावर वर्षानुवर्षे बंधने घातली. सौदीने ती सप्टेंबर २०१७ मध्ये सैल केली. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर लिहिता येई, पण बोलता येत नसे, त्यासाठी परवानाधारक ॲपचे पैसे मोजावे लागत. ज्या बापाला लिहिता-वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने लिहिण्याची मोकळीक काय कामाची? २०२० च्या मार्चमध्ये विमाने थांबली तेव्हा आमच्या वस्तीतल्या कित्येकांनी तिकडच्या खोलीत बसून इकडचा जनाजा मोबाईलवर पाहिला. तो पाहणे बरे की न पाहणे बरे, याचे उत्तर आम्हाला आजही देता येत नाही. पण पाहायचे की नाही, हे ठरवण्याची मुभा त्या माणसाला असावी, एवढे नक्की.

आता दुसरी बाजू. आपल्या दीनने मुसाफिराला सवलती दिल्या आहेत. त्याची चार रकातींची नमाज दोनवर येते, रमजानचा रोजा तो पुढे ढकलू शकतो. यामागचे तत्त्व मोठे सुंदर आहे. प्रवासातला माणूस वेगळ्या अवस्थेत असतो, त्याच्यावर घरच्याइतका भार टाकू नये, हे त्यात मान्य केलेले आहे. अल्लाहने ज्याचा भार हलका केला, त्याच्यावर आपण फोनवरून पुन्हा सगळा भार चढवतो. आमच्या ओळखीतल्या एका खालाजान उमऱ्याला गेल्या होत्या. हरमच्या आवारात त्या बसलेल्या असताना घरून विचारणा होई की, रेशनकार्ड कुठे ठेवले आहे, कुकरची शिटी का होत नाही, धाकट्याला ताप आहे तर कोणते औषध द्यायचे. आयुष्यभर ज्या बाईला चुलीपासून सुट्टी मिळाली नाही, तिची पंधरा दिवसांची सुट्टीही आपण डेटाच्या पॅकने परत घेतली. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण हेतू चांगला असला म्हणून बोजा हलका होत नाही.

तवाफ चालू असताना एका हातात फोन धरून घरच्यांना काबा दाखवणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांची टिंगल करणे सोपे आहे. घरी अंथरुणाला खिळलेल्या आईला काबा दाखवणाऱ्या मुलाला नावे ठेवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र, तो मुलगा त्या क्षणी आईसाठी दाखवतो आहे की चारशे परिचितांसाठी, हा फरक त्याच्या नियतीत आहे आणि तो त्यालाच ठाऊक असतो.

याहून कठीण गोष्ट बोलायची राहिली. संपर्काची पहारेदारी होऊ शकते. नवरा परदेशात आणि बायको मालवणीत अशी पुष्कळ घरे आमच्या शाळेच्या आसपास आहेत. त्यांतल्या बहुतेक घरांत रोजचा फोन हा सुखाचा क्षण असतो. पण काही घरांत तो हजेरीपट झाला आहे. "कुठे आहेस? कॅमेरा फिरवून दाखव. मागे कुणाचा आवाज येतो? फोन पाच मिनिटे का लागत नव्हता?" मुलाच्या शाळेत पालकसभेला बसलेली बाई अशा फोनने घाबरून उठून जाते. पत्राच्या काळात नवरा दूर असे, पण बायकोवर विश्वास टाकण्यावाचून त्याला दुसरा मार्ग नव्हता. आता विश्वासाची गरजच उरली नाही असे त्याला वाटते. जिथे प्रत्येक गोष्ट तपासून घेता येते, तिथे विश्वास ठेवण्याची सवय हळूहळू मोडते. ज्याला आपण जवळीक समजतो, ती कधी कधी केवळ आपल्या भीतीची आणि मालकीची सोय असते.

मग उत्तर काय? ते शोधताना आम्हाला उर्दूतले तीन शब्द उपयोगी वाटतात. खबर, खैरियत आणि राब्ता. खबर म्हणजे माहिती, कोण कुठे आहे, काय खाल्ले, विमान कधी सुटले. खैरियत म्हणजे कुशल, माणूस सुखरूप आहे ना, एवढीच विचारपूस. आणि राब्ता म्हणजे बंध. त्याचे मूळ अरबीतल्या 'रब्त' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ बांधणे असा होतो. आज आपण बोलताना राब्ता हा शब्द फोन नंबरासाठी वापरतो, पण तो मुळात गाठीचा शब्द आहे. डेटा खबर वाहून नेतो आणि ते काम तो उत्तम करतो. खैरियत विचारावी लागते, ती आपोआप कळत नाही. हिरवा ठिपका दिसला म्हणजे माणूस सुखात आहे असे नव्हे. आणि राब्ता तर फोन बंद असतानाही असू शकतो, फोन चालू असतानाही नसू शकतो.

याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर घडले आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मौलाना अबुल कलाम आझादांना मुंबईत अटक झाली आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तिथे त्यांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली. ती पाठवता येणार नव्हती, हे लिहिताना त्यांना ठाऊक होते. तरीही ते लिहीत राहिले. ती पत्रे पुढे १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे कलकत्त्यात निधन झाले, तेव्हाही मौलाना त्याच किल्ल्यात कैद होते. सरकारकडे सवलत मागायची नाही, हा निश्चय त्यांनी ढळू दिला नाही. ते कलकत्त्याला जाऊ शकले नाहीत.

हा प्रसंग वाचून कुणी म्हणेल, पाहा, संपर्काविना माणूस किती मोठा होतो. आम्ही तसे म्हणणार नाही. आजारी पत्नीला त्यांचा आवाज ऐकायला मिळाला असता तर ते बरेच झाले असते. तो विरह जुलमी राजवटीने लादलेला होता आणि लादलेल्या विरहाचे गोडवे गाऊ नयेत. पण त्या न पाठवलेल्या पत्रांतून एक गोष्ट शिकता येते. समोरून उत्तर येणार नाही हे माहीत असूनही ज्याच्याशी आपण मनात बोलत राहतो, त्याच्याशी आपला राब्ता आहे. आणि ज्याला दिवसातून वीस संदेश पाठवूनही आपण मनात कधी आणत नाही, त्याच्याशी नुसती खबर आहे.

यावरून आम्हाला एक साधा नियम सुचतो. घरच्यांचा हक्क खैरियतीवर आहे, प्रवाशाच्या प्रत्येक क्षणावर नाही. खैरियत कळवणे हे प्रवाशाचे कर्तव्यच आहे. "मी स्वतंत्र आहे, मला त्रास देऊ नका" असे म्हणून महिनोन्‌महिने फोन न करणाऱ्या मुलाला आमच्या या लेखाचा आधार घेता येणार नाही. त्याची वाट पाहणारी आई रात्रभर जागते, आणि तिची झोप हा तिचा हक्क आहे. उलट, खैरियत मिळाल्यावर उरलेला वेळ प्रवाशाचा आहे. तो त्याने इबादतीत घालवावा, कामात घालवावा किंवा समुद्राकडे पाहत नुसते बसावे. त्याचा हिशेब मागणे म्हणजे अमानतीत हात घालणे होय.

हा नियम पाळायला मोठे काही लागत नाही. निघण्यापूर्वी घरात बसून वेळ ठरवावी. सौदीची वेळ आपल्या अडीच तास मागे आहे, दुबईची दीड तास. तिथल्या इशाच्या नमाजनंतर फोन करायचा म्हटले तर इथे फार उशीर होतो आणि मुले झोपलेली असतात. असर आणि मगरिबच्या मधली वेळ दोन्हीकडे जमते. रोज एक संदेश आणि दोन दिवसांआड बोलणे, असे काहीही ठरवा, पण दोघांनी मिळून ठरवा. फोन लागला नाही तर किती वेळ घाबरायचे नाही, हेही ठरवून ठेवा. फोन हरवतो, बॅटरी संपते, म्हणून घरचा नंबर आणि राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता कागदावर लिहून म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातल्या पिशवीत घाला. आम्ही वर्गात मुलांना विचारले, "अब्बांचा नंबर किती जणांना पाठ आहे?" चाळीसमधल्या सहा मुलांचे हात वर आले. बाकीच्यांचे म्हणणे पडले, "सर, फोन में सेव्ह है ना!"

उर्दूच्या पुस्तकात पत्रलेखनाचा पाठ असतो. उर्दूत पत्राला अर्धी भेट म्हणतात. मुलांना परदेशातल्या अब्बांना पत्र लिहायला सांगितले की ती आधी हसतात. अब्बा तर सकाळीच फोनवर दिसले होते, मग लिहायचे काय? पण कागद समोर ठेवल्यावर काही वेळाने वर्ग शांत होतो. एका मुलाने लिहिले होते की, तुम्ही फोनवर रोज माझा अभ्यास विचारता, पण मला तुम्हाला विचारायचे आहे की तुम्ही तिथे जेवता कुणाबरोबर. रोजच्या फोनमध्ये हा प्रश्न त्याला कधी विचारता आला नव्हता. विचारायला वेळ नव्हता असे नाही. फोन नेहमी बापच करी आणि प्रश्नही तोच विचारी.

तेव्हा वाचकहो, परदेशी जाणाऱ्याला डेटाचा पॅक अवश्य घेऊन द्या, त्यात कंजुषी करू नका. मात्र तो देताना अशी अट मनात ठेवू नका की, आता हा माणूस चोवीस तास आमचा. आणि जाणाऱ्याने निघण्यापूर्वी ज्याच्याशी खरोखर बिनसले आहे त्याच्या दारात एकदा जाऊन यावे. मालवणीत ते दार फार तर चार गल्ल्या पलीकडे असते.